दूध आणि सौमनस्य

मातेच्या दुधाची थोरवी गाणारे ग्रंथ जगांतील बहुतेक भाषांत आहेत. परंतु बाळाला पाजीत असलेल्या स्त्रीच्या शेजारीं जो पुरुष उभा असतो, किंवा उभा असावयास पाहिजे, त्याच्याविषयीं या ग्रंथांतून फारच थोडें सांपडतें. जें सांपडतें तेंही बहुधा हुकमाच्या स्वरूपाचें. दाई कशी पारखावी, तिच्याशीं करार कोणत्या अटींवर करावा, मुलाचें अंगावरचें दूध किती महिन्यांनीं तोडावें, पत्नीनें काय खावें आणि काय वर्ज्य करावें, हें सर्व पुरुषांनीं पुरुषांसाठीं पुष्कळ लिहून ठेविलें आहे. पत्नी रात्रीं तिसऱ्यांदा उठली असतां पतीनें स्वतः काय करावें, हा प्रश्न विद्वानांस दोन हजार वर्षें सुचला नाहीं, असें म्हटल्यास थोडीशीच अतिशयोक्ति होईल. ती थोडीशी कां, तें पुढें दिसेलच.

आरंभ आपल्याच घरापासून करूं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत, दहाव्या अध्यायांत, स्त्रीचें दूध कां आटतें याचीं कारणें सांगतांना क्रोध, शोक आणि वात्सल्याचा अभाव यांची नांवें घेतलीं आहेत. निदानस्थानांत तर याहून सूक्ष्म निरीक्षण आहे. मुलाच्या स्पर्शानें, दर्शनानें, इतकेंच नव्हे तर नुसत्या आठवणीनेंही दूध स्रवूं लागतें, आणि अखंड स्नेह हेंच त्या स्रवण्याचें कारण होय, असें ग्रंथकार सांगतो. मग दूध वाढविण्याचा उपाय येतो. जव, गहूं, साळीचा भात, मांसरस, लसूण, शिंगाडे, शतावरी, दुध्या अशी एक लांबलचक यादी तेथें आहे. परंतु यादीच्या अगोदर एक शब्द आहे, आणि तो 'सौमनस्य' हा आहे. प्रथम त्या स्त्रीचें मन प्रसन्न करून मग हे पदार्थ द्यावेत, असा क्रम आहे.

आपल्या समाजानें यादी जपली. तींत हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथ्या, खसखस, बाळंतशेपा यांची भरही घातली. पहिला शब्द मात्र यादींतून केव्हां गळला हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. याला कारणही तसेंच आहे. लाडू कोणी वळावयाचे हें प्रत्येक घरांत ठरलेलें होतें. सौमनस्य कोणी उत्पन्न करावयाचें हें ठरलेलें नव्हतें. संस्कृत वाक्याची रचनाच अशी सोयीची आहे कीं, तेथें 'उत्पन्न करून' इतकेंच म्हटलें म्हणजे भागतें. करणाऱ्याचें नांव घ्यावें लागत नाहीं.

महाराष्ट्रांतील मध्यमवर्गीय घरांत पहिलें बाळंतपण माहेरीं करण्याची चाल आहे. तिची थट्टा करण्याचें आजकाल कित्येकांस सुचतें. पण आम्हांस ती थट्टा पटत नाहीं. दहा दिवसांची सोयर, अंधारी खोली, शेक, शेगडी, तेल, धुरी या गोष्टींपैकीं कांहीं निरुपयोगी, तर धुरीसारख्या कांहीं अपायकारकही होत्या. तथापि, या व्यवस्थेंत एक फार मोठी गोष्ट साधत असे. नवख्या आईभोंवतीं तीन-चार अनुभवी बायका रात्रंदिवस असत. मूल स्तनाला नीट लागत नसेल तर तें कसें धरावें हें त्यांच्या हातांस ठाऊक असे. 'तुला दूध पुरत नाहीं' असें भिवविण्याऐवजीं 'येईल हो, लाव पुन्हां' असें म्हणणारें माणूस त्यांत एखादें तरी निघेच. पति या चित्रांत नसे. तो बारशास यावयाचा, पाळण्याशेजारीं ओशाळा उभा राहावयाचा आणि परत जावयाचा. वडीलधाऱ्या मंडळींदेखत स्वतःचें मूल उचलून घेणें हें कित्येक घराण्यांत असभ्यपणाचें समजलें जाई. खरी अडचण पुढें येई. तीन-चार महिन्यांचें मूल घेऊन मुलगी सासरीं परतली कीं तीच मुलगी पहांटे चुलीपाशीं हवी असे आणि तिचें मूल रडूं लागलें कीं तिनेंच धांवावयाचें असे. माहेरच्या बायका दूर राहिल्या, आणि पति त्याच घरांत असूनही दूरच राहिला.

हिरकणीची आख्यायिका आपल्यांतील प्रत्येकास ठाऊक आहे. गडाचे दरवाजे मिटले, तान्हें घरीं भुकेलेलें, म्हणून ती रायगडाचा कडा रात्रीं उतरली. आपण त्या बुरुजाकडे बोट दाखवून मुलांस ही कथा सांगतों, आणि सांगावी अशीच ती आहे. परंतु त्या रात्रीं मूल कोणाजवळ होतें, तें कोणी थोपटलें, ती परत आल्यावर तिच्या सोललेल्या हातापायांस कोणी तेल लाविलें, हें आपण कथेला विचारीत नाहीं.

आतां परदेशाकडे वळूं. प्राचीन रोममधील एक उदाहरण अनपेक्षित ठिकाणीं सांपडतें. थोरला केटो हा ख्रिस्तपूर्व २३४ ते १४९ या काळांतील राजकारणी पुरुष. म्हातारे झालेले गुलाम विकून टाकावेत असा सल्ला आपल्या शेतीवरील पुस्तकांत देणारा कठोर गृहस्थ. त्याच्या चरित्रांत प्लूटार्क लिहितो कीं, मुलगा झाल्यावर सरकारी कामाशिवाय दुसरें कोणतेंही काम त्याला, पत्नी बाळाला न्हाऊं घालीत असतां व दुपट्यांत गुंडाळीत असतां, तेथें हजर राहण्यापासून अडवूं शकत नसे. पत्नी मुलाला स्वतः पाजीत असे. गुलामांच्या मुलांसही ती अंगावर घेई, हेतु हा कीं त्यांच्या ठिकाणीं आपल्या मुलाविषयीं भावासारखें प्रेम उत्पन्न व्हावें. या शेवटच्या गोष्टींतील हिशेबीपणा वाचकांच्या नजरेंतून सुटणार नाहीं. तरीही, रोज आंघोळीच्या वेळेस घरीं येणारा हा पिता आमच्या शोधांतील पहिल्या कांहीं माणसांत मोडतो.

याच्या उलट चित्र ऑलस गेलियसनें दुसऱ्या शतकांत रंगविलें आहे. फेव्होरायनस नांवाच्या तत्त्वज्ञाच्या एका श्रीमंत शिष्याला मुलगा झाला. तत्त्वज्ञ अभिनंदनास गेला. तेथें प्रसूतीची हकीकत ऐकली. बाळंतीण कष्टानें व जागरणानें थकून झोंपली आहे असें त्याला कळलें. ती आपलें दूध मुलाला देईलच ना, असें त्यानें म्हणतांच तिची आई म्हणाली कीं, लेकीला आतां आणखी शीण नको, दाई ठेवूं. यावर फेव्होरायनसनें मातृस्तन्याची महती सांगणारें जें व्याख्यान झोडलें तें गेलियसनें आदरानें उतरून घेतलें आहे. व्याख्यान विद्वत्तापूर्ण आहे, यांत शंका नाहीं. पण त्या घरांतील चार माणसांकडे पाहावें. तत्त्वज्ञ बोलतो आहे. सासूबाई वाद घालीत आहेत. नवा बाप गप्प आहे. आणि जिच्या शरीराविषयीं ही सर्व चर्चा चालली आहे ती पलीकडच्या खोलींत झोंपलेली आहे. पुढील सोळा-सतरा शतकांत या विषयावर जें लिहिलें गेलें त्याचें हें जणूं नमुन्याचें चित्र आहे.

फ्लॉरेन्स शहरांत चौदाव्या-पंधराव्या शतकांत सुखवस्तु घरांतील मूल खेड्यांतील दाईकडे धाडण्याचा प्रघात होता. क्रिस्तियान क्लापिश-झ्युबेर या फ्रेंच इतिहासकार विदुषीनें तेथील कुटुंबप्रमुखांच्या जमाखर्चाच्या वह्या तपासून हा व्यवहार उजेडांत आणिला. त्यांत असें दिसतें कीं, करार मुलाचा बाप आणि दाईचा नवरा या दोघांत होई. महिन्याचें वेतन हे दोघे ठरवीत. दाई पुन्हां गरोदर राहिली तर करार मोडे. एका स्त्रीचें मूल आणि दुसऱ्या स्त्रीचें दूध, यांचा सौदा दोन पुरुष करीत होते आणि दोघी स्त्रियांची नांवें वहींत आलींच तर ओघानें येत. पाजणाऱ्या स्त्रीशीं समागम केल्यास दूध नासतें, अशी ग्रीक वैद्यांच्या वेळेपासून समजूत होती; तेव्हां पतीला पत्नी हवी असेल तर मूल घराबाहेर जाणें क्रमप्राप्त होतें. पतीचा संयम आणि मुलाचें दूध यांपैकीं एक निवडावयाचें होतें, आणि निवडणारा पतिच होता.

हुकमाऐवजीं कर्तव्याची भाषा वापरणाऱ्या थोड्या जुन्या ग्रंथांत कुराणाचा उल्लेख केलाच पाहिजे. त्याच्या दुसऱ्या अध्यायांत, घटस्फोटाच्या नियमांलगत, असें सांगितलें आहे कीं माता पूर्ण दोन वर्षें पाजूं शकतात. त्या काळांत मातेच्या अन्नवस्त्राचा भार योग्य रीतीनें मुलाच्या बापावर आहे. आणि दोन वर्षांच्या आंत दूध तोडावयाचें असल्यास तें दोघांच्या संमतीनें व विचारविनिमयानें तोडावें. 'दोघांच्या' हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. तो किती दुर्मिळ होता हें पुढील हकीकतीवरून कळेल.

अठराव्या शतकांत युरोपांत मातृस्तन्याचें एकाएकीं कौतुक सुरू झालें. १७४८ सालीं लंडनमध्यें विल्यम कॅडोगन या वैद्यानें बालसंगोपनावर एक छोटें पुस्तक प्रसिद्ध केलें. हें काम फार दिवस बायकांच्या हातीं राहिल्यामुळें बिघडलें, आतां समजूतदार पुरुषांनीं त्यांत लक्ष घालावें, प्रत्येक बापानें मूल आपल्या नजरेखालीं वाढवावें, असें त्याचें म्हणणें. यांत भलें पुष्कळ होतें. मुलांस घट्ट आवळून बांधूं नये, सैल व हलके कपडे घालावे, आईनें स्वतः पाजावें, हा त्याचा उपदेश योग्यच होता. मात्र 'नजरेखालीं' या शब्दांत बापाचें काम संपलें. १७५२ सालीं स्वीडनमध्यें लिनीअस यानें दाईच्या दुधाविरुद्ध प्रबंध लिहिला; त्यानेंच १७५८ सालीं आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तींत मनुष्य ज्या प्राणिवर्गांत येतो त्या वर्गाला स्तनांवरून नांव दिलें, तेंच आज आपण 'सस्तन' म्हणून चालवितों. १७६२ सालीं रूसोचें 'एमील' निघालें. माता आपल्या मुलांस पाजूं लागल्या म्हणजे समाजाची नीति आपोआप सुधारेल व पुरुष पुन्हां चांगले पति व पिते होतील, असें भाकीत त्यांत आहे. रूसोनें स्वतःचीं पांच मुलें अनाथालयांत टाकलीं, हें जगजाहीर आहे. येथें त्याचा पुनरुच्चार करण्याचें कारण निराळें. स्त्रियांनीं प्रथम पाजावें म्हणजे पुरुष सुधारतील, हा क्रम त्यानें लावला. उलट क्रम लावून पाहावा असें त्याच्या मनांत आलें नाहीं.

पॅरिसमधील वस्तुस्थिति काय होती? १७८० सालीं तेथील पोलीस-प्रमुख लनवार यानें लिहून ठेविलें आहे कीं, शहरांत दरसाल जन्मणाऱ्या सुमारें एकवीस हजार मुलांपैकीं आपल्या आईच्या दुधावर वाढणारीं जेमतेम एक हजार. आणखी एक हजारांस घरीं दाई ठेवलेली. बाकीचीं सर्व बाहेर, बहुतेक खेड्यापाड्यांत. हीं सगळीं श्रीमंतांचीं मुलें नव्हेत. विणकर, शिंपी, दुकानदार यांच्या बायका नवऱ्याच्या बरोबरीनें दिवसभर काम करीत. ती एक जोडी हातांची थांबली तर घरभाडें निघत नसे. मुलें गाड्यांतून खेड्यांत जात आणि त्यांतलीं फार मोठ्या संख्येनें परत येत नसत. दाईचें वेतन थकलें तर बापाला कैद होई. अशा कैद्यांची सुटका करणें हें राजघराण्यांतील आनंदाच्या प्रसंगीं पुण्यकृत्य समजलें जाई.

या गर्दींत एका नाटककाराला मात्र प्रश्नाची नेमकी बाजू दिसली. 'फिगारोचें लग्न' १७८४ सालीं रंगभूमीवर आलें आणि त्यानें उत्पन्नाचे उच्चांक मोडले. बोमार्शेनें आपल्या वांट्याचें उत्पन्न गरीब पाजणाऱ्या मातांस देण्याचें जाहीर केलें. आई घरीं राहून पाजील, आणि तिची बुडणारी मजुरी निधींतून भरून निघेल, ही कल्पना. पॅरिसमध्यें तिला थारा मिळाला नाहीं, लियों शहरांत ती अमलांत आली. नाटकवाल्याच्या पैशाचें लोकांनीं हसें केलें. परंतु उपदेशाच्या दहा ग्रंथांहून आम्हांस त्या पैशाची किंमत अधिक वाटते, कारण आईला मोकळा वेळ मिळाल्यावांचून दूध देतां येत नाहीं आणि वेळाला दाम पडतो, हें त्यानें ओळखलें.

आणि त्याच शतकाच्या अखेरीस, १७९४ सालीं, प्रशियाच्या राज्यानें आपली प्रचंड कायदेसंहिता जारी केली. तिच्या दुसऱ्या भागांत दोन कलमें एकाखालीं एक आहेत. पहिलें असें कीं, निरोगी मातेनें आपलें मूल स्वतः पाजलें पाहिजे. दुसरें असें कीं, किती काळ पाजावें हें बापाच्या निर्णयावर अवलंबून राहील. मातेच्या किंवा मुलाच्या प्रकृतीस अपाय होत असल्यास त्यानें तज्ज्ञांचें मत मानावें, एवढीच सवलत पुढच्या कलमांत ठेविली आहे. स्तन स्त्रीचे, कर्तव्य स्त्रीचें, पंचांग मात्र पुरुषाच्या हातीं! मातेच्या दुधाचें एवढें कौतुक चालू असतां त्यांतून हा कायदा निघावा, याचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. कौतुक करणारा कामाला हात लावीत नसला म्हणजे त्याच्या कौतुकाचा हुकूम व्हावयास वेळ लागत नाहीं.

एकोणिसाव्या शतकाचा वृत्तांत थोडक्यांत आटोपतां येईल. डब्याचें दूध, रबरी बोंडली, कारखान्याचा भोंगा. १९१९ सालच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें पाजणाऱ्या कामकरी स्त्रीस दिवसांतून दोनदां अर्धा अर्धा तास देण्याचा ठराव केला. मुंबई कायदेमंडळांत १९२८ सालीं प्रसूतीच्या साहाय्याचें बिल चर्चेस आलें तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्याला पाठिंबा देऊन, मातेला विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, असें प्रतिपादिलें. १९२९ सालीं तो कायदा झाला, आणि हिंदुस्थानांत अशा प्रकारचा तो पहिला होता. सरकार व मालक यांनीं काय करावें हा प्रश्न याप्रमाणें मार्गीं लागला. नवऱ्याचा प्रश्न तसाच राहिला.

त्याला शास्त्राचा धक्का बसला तो १९४८ सालीं अमेरिकेंत, आणि तोही एका दांपत्याच्या हातून. मायकेल न्यूटन हा डॉक्टर, नाइल्स न्यूटन ही मानसशास्त्रज्ञ. नाइल्स त्या वेळीं आपल्या बाळाला पाजीत होती. तिनें स्वतःवरच प्रयोग करून घेतला. पाजण्यापूर्वीं व नंतर बाळाचें वजन करून किती दूध पोटांत गेलें तें मोजावयाचें. कांहीं दिवस शांतपणें. कांहीं दिवस पाजत असतांना तिचे पाय बर्फाच्या पाण्यांत बुडवावयाचे, पायाचा आंगठा दुखेल असा ओढावयाचा, नाहीं तर तोंडी गणितांचा भडिमार करावयाचा. शांतपणें पाजलें असतां बाळाला सरासरी १६८ ग्रॅम दूध मिळे. छळाच्या दिवशीं ९९. नंतर तोच छळ चालू ठेवून तिला ऑक्सिटोसिनचें इंजेक्शन दिलें, तेव्हां आंकडा पुन्हां १५३ वर गेला. याचा अर्थ असा कीं, दूध स्तनांत होतेंच; तें खालीं उतरत नव्हतें. मूल ओढूं लागलें कीं मेंदूंतून हें द्रव्य सुटतें, त्यानें दुधाच्या पेशींभोंवतालचे स्नायुतंतु आंकसतात व दूध नळ्यांत येतें; त्रास, वेदना, धास्ती यांनीं तें द्रव्य सुटण्यास अडथळा येतो. सुश्रुताचा शोक आणि क्रोध यांचें कार्य आतां ग्रॅमांत मोजलें गेलें. बर्फ व आंगठा हे प्रयोगशाळेंतील प्रकार झाले. घरांत त्यांचें काम 'आज भाजी अळणी झाली' या एका वाक्यानें होऊं शकतें.

या प्रयोगानें पतीच्या वर्तनाला शरीरशास्त्रांत जागा मिळाली. १९५६ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय प्रांतांत सात गृहिणींनीं 'ला लेचे लीग' ही संस्था काढली. त्या वेळीं तेथें बाटलीचीच चलती होती. आया आयांना शिकवीत. पण थोड्याच काळांत पित्यांसाठींही वेगळ्या सभा भरूं लागल्या, कारण घरीं गेल्यावर 'कशाला हा त्रास, बाटली दे' असें म्हणणारा माणूस सभेला आलेलाच नसे. १९७४ सालीं स्वीडननें अपत्यसंगोपनाची पगारी रजा पित्यासही घेतां येईल असा कायदा केला. आणि २००५ सालीं इटलींतील नेपल्स शहरांतून एक वृत्तांत प्रसिद्ध झाला, तो या विषयांत फार बोलका आहे.

तेथें २८० दांपत्यें निवडलीं. मातांस सर्वांस सारखेंच शिक्षण मिळालें. निम्म्या पित्यांस मात्र एका सुईणीनें सुमारें चाळीस मिनिटें बसवून, पाजण्यांत कोणत्या अडचणी येतात व त्या कशा निवारतात, एवढेंच समजावून दिलें. सहा महिन्यांनीं पाहिलें तों, शिकविलेल्या पित्यांच्या घरीं शेंकडा २५ मुलें पूर्णपणें आईच्या दुधावर होतीं. इतरांच्या घरीं शेंकडा १५. ज्या मातांस मध्यंतरीं अडचणी आल्या होत्या, त्यांच्यांत तर हें प्रमाण शेंकडा २४ विरुद्ध शेंकडा पांचांहूनही कमी असें निघालें. म्हणजे सर्व सुरळीत असतां पतीच्या ज्ञानाचा फरक थोडा पडतो. चिरा पडल्या, गांठ आली, बाळ रडत राहिलें, 'माझें दूध आटलें' असें आईला वाटूं लागलें, त्या दिवशीं तो फार मोठा पडतो. ज्यानें अगोदर ऐकलेलें असतें तो त्या वेळीं डब्याच्या दुकानाकडे न धांवतां जाणत्या परिचारिकेकडे जातो.

पुण्या-मुंबईच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत, किंवा परदेशीं राहणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या घरांत, आज माहेरच्या त्या तीन-चार बायका नाहींत. आई दोन महिने येते आणि परत जाते. मूल सहा महिने केवळ आईच्या दुधावर ठेवावें, पुढें वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षें किंवा अधिकही पाजावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. हें कोणाच्या बळावर व्हावयाचें? पुरुषाला पाजतां येत नाहीं, हें खरें. पण पाजणें सोडून त्याभोंवतींचें जवळजवळ सर्व येतें. रात्रीं मूल उचलून आणून तिच्या कुशींत द्यावें, पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढावा, लंगोट बदलावा आणि तिला झोंपूं द्यावें. पाजावयास बसली कीं तिला तहान लागते. पाण्याचें भांडें हाताशीं ठेवावें. स्वयंपाक, धुणें, मोठ्या मुलाचा अभ्यास आपल्याकडे घ्यावा, आणि घेतला हें बोलून दाखवूं नये. पाहुण्यांस दारांतूनच नम्रपणें वाटेला लावावें. दूध पुरतें कीं नाहीं हें शेजारणीच्या मतावर न ठरवितां बाळ दिवसांतून किती वेळां ओलें करतें आणि त्याचें वजन वाढतें कीं नाहीं, यावरून ठरवावें. शिवाय, कांहीं मातांस आजारामुळें, औषधामुळें, क्वचित् शरीररचनेमुळें पुरेसें दूध येत नाहींच. तेथें वरचें दूध लागतें, आणि त्या वेळीं तिच्याकडे अपराध्याप्रमाणें पाहणाऱ्या नातेवाइकांस थोपविण्याचें कामही त्याचेंच.

कायद्यानें यासाठीं वेळ किती दिला आहे? २०१७ सालच्या दुरुस्तीनें आपल्या देशांत नोकरीतील मातेची पगारी रजा २६ आठवड्यांपर्यंत वाढली. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यास मिळते ती १५ दिवसांची. खासगी नोकरींत ती मालकाच्या मर्जीवर असते, आणि रोजंदारीच्या मजुराला ती नाहींच. पंधराव्या दिवशीं बाळंतीण जेमतेम न्हाणीपर्यंत चालूं लागलेली असते.